लढाई जिथे संपली ते गाव

उधवा हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते चुकीच्या अक्षरात. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाविषयी वाचत होतो. हकिगत संपत आली तेव्हा एक वाक्य आलं: पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो ११ ऑगस्ट १९५४ रोजी 'उदवा' येथे शरण आला. पुढचं पान थेट दिल्लीच्या राजकारणावर. हे उदवा कुठलं? नगर हवेलीच्या गावांत ते सापडेना. सिल्वासा मिळालं, नरोली मिळालं, खानवेल मिळालं. बऱ्याच वेळाने नकाशावरचं बोट खानवेलच्या खाली घसरलं, राज्याची हद्द ओलांडून तलासरी तालुक्यात आलं आणि उधव्यावर थांबलं. इंग्रजी पुस्तकात जाताना 'ध' हरवला होता, आणि मराठीत परत येताना कुणी तो शोधला नव्हता.

म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातली लढाई संपली ती मुलखाच्या बाहेर, त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या आणि आजच्या पालघर जिल्ह्यातल्या एका वारली गावात. वसईचा किल्ला पाहायला आपण सहली काढतो. पोर्तुगीजांचं उत्तर कोकणातलं राज्य तिथे १७३९ साली चिमाजी अप्पांनी मोडलं. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या शेवटाची सुरुवात झाली, आणि तिथे जाऊन आलेला माणूस मला माहीत नव्हता. ठरवलं, जायचं. तेही लढाईच्या क्रमाने: दादरा, सिल्वासा, खानवेल, उधवा. आणि उधव्याला पोचायचं ते ११ ऑगस्टलाच.

१० तारखेच्या सकाळी वापीला उतरलो तेव्हा पाऊस होता, आणि तो पुढचे दोन दिवस सोबतीलाच राहिला. स्टेशनबाहेर सिल्वाशाच्या शेअर रिक्षा लागलेल्या असतात. चालकाला म्हटलं, वाटेत दादऱ्याला उतरायचंय. "दादऱ्याला काय काम?" त्याने विचारलं. "पोलीस चौकी बघायचीय." त्यानंतर तो माझ्याशी फार बोलला नाही.

दादरा म्हणजे जेमतेम तीन गावांचा तुकडा. नगर हवेलीची ६९ गावं वेगळी, मधे भारताची पट्टी, आणि दोन्हींपासून लांब समुद्रकाठी दमण. पोर्तुगीजांना दमणहून इथे यायचं तर भारताच्या जमिनीवर पाय ठेवावाच लागे. सगळ्या गोष्टीची किल्ली या भूगोलात आहे. १९५४च्या जुलैत भारत सरकारने ही वाट बंद केली. आत असलेले शिपाई आतच राहिले, बाहेरची कुमक बाहेर. भारतीय सैन्याने आत गोळी झाडली नाही. दरवाजा तेवढा लावून घेतला.

मग आत शिरले ते स्वयंसेवक. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या तुकडीने दादऱ्याच्या चौकीवर हल्ला केला. चौकीचा प्रमुख अनिसेतो रोझारियो लढताना मारला गेला. सकाळी तिथे तिरंगा होता. रोझारियो हे आडनाव गोव्यातलं, हल्ला करणाऱ्यांतलं मस्करेन्हस हेही गोव्यातलंच. लिस्बनहून आलेला माणूस त्या रात्री त्या दारात कुणीच नव्हता. एक गोवेकर चौकी राखत होता आणि दुसरे ती घेत होते. आज दादऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कारखान्यांची कुंपणं आहेत आणि कंटेनर तासन्‌तास उभे असतात. त्या रात्रीचा अंधार तिथे कल्पनेनेच आणावा लागतो.

पुढे लवाछा. गाव गुजरातचं, दमणगंगेच्या काठचं. मोहिमेच्या तयारीत इथे बैठका झाल्या. राजा वाकणकर आणि नाना काजरेकर या भागात आधीपासून हिंडत होते, वाटा आणि चौक्या बघून ठेवत होते. गोव्यात बँकेत नोकरी करणारे अप्पासाहेब करमळकर, आझाद गोमंतक दलाचे तरुण, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पुण्या-मुंबईकडचे स्वयंसेवक असे सगळे या मोहिमेत एकत्र आले. पैसा नव्हता, तेव्हा लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून निधी उभा करून दिला. तो घडवून आणणारे सुधीर फडके स्वतः मोहिमेत उतरले होते. बाबासाहेब पुरंदरेही होते. आझाद गोमंतक दलातल्या मोहन रानड्यांचा पुढे १९५५ साली गोव्यात पोर्तुगीजांशी सामना झाला, ते पकडले गेले आणि थेट १९६९ साली लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटले. गोवा मुक्त होऊन तेव्हा सात वर्षं उलटली होती. त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांतही फडके होतेच. आपण ज्यांना हार्मोनियमसमोर बसलेले ओळखतो, ते बाबूजी या चिखलातून चालले होते. लवाछ्याच्या पुलावर उभं राहून खालचं गढूळ पाणी पाहताना त्यांच्या गाण्यांपेक्षा त्यांच्या चपला डोळ्यांपुढे आल्या.

२८ जुलैला नरोली पडली. आता राहिलं सिल्वासा. फिदाल्गोपाशी दीडशेच्या आसपास शिपाई होते. स्वयंसेवकांकडे हत्यारं मोजकी, पण हिंडणाऱ्या अफवांत त्यांची संख्या रोज वाढत होती. कॅप्टनने हिशेब केला आणि बहुतेक माणसं घेऊन दक्षिणेला, खानवेलकडे निघून गेला. २ ऑगस्टच्या पहाटे स्वयंसेवक सिल्वाशात शिरले तेव्हा अडवायला मूठभर लोक उरले होते. आज २ ऑगस्ट हा तिथला मुक्तिदिन. मी पोचलो तेव्हा त्याला आठवडा होऊन गेला होता. विजेच्या खांबांवर भिजून लोंबणाऱ्या पताका तेवढ्या शिल्लक होत्या.

संध्याकाळी गावात फिरलो. पोर्तुगीज काळातलं चर्च पावसात उजळून दिसत होतं. त्याच्यासमोरच्या झाडाखाली उभं राहून पाऊस ओसरायची वाट बघताना वाटलं, खरी लढाई इथे झालीच नाही. ती झाली सात हजार किलोमीटर लांब, हेग शहरात. पोर्तुगालने १९५५ साली भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं: आमच्या मुलखात जायची आमची वाट तुम्ही अडवलीत. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, आणि भारताने नेमलेले तात्पुरते न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला पीठावर बसले. आणि तिथे, युरोपातल्या त्या दालनात, वाद रंगला तो पेशवे दप्तरातल्या शब्दांवर.

१७७९ साली पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला आणि मैत्रीपोटी बारा हजार रुपये वसुलाची गावं त्यांना लावून दिली. १७८३ आणि १७८५च्या सनदांनी ती गावं त्यांच्या हाती गेली. आता गावं दिली म्हणजे नेमकं काय दिलं? पोर्तुगाल म्हणे, राज्य दिलं. भारत म्हणे, सरंजाम दिला. सरंजाम म्हणजे वसूल खा, मालकी आमची. न्यायालयाने मराठ्यांच्या काळापुरतं भारताचं म्हणणं मानलं: पेशव्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगीज मालक झाले ते पुढे, इंग्रज आल्यावर, कुणी हटकलं नाही म्हणून. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, हे ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झालं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क मात्र नव्हता, हे ८ विरुद्ध ७ अशा एका मताने ठरलं. आणि १९५४ साली वाट अडवून भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. मराठी शाळेत 'सरंजामशाही' हा शब्द आपण शिवीसारखा शिकतो. त्यातल्या सरंजामाने एकदा देशाची बाजू राखली, हे शिकवायचं राहून गेलं.

विलीनीकरण होईपर्यंत इथला कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. भारताचा प्रदेश नाही, पोर्तुगालचा हात पोचत नाही, अशी सात वर्षं. पोर्तुगीज तिकिटांवर इंग्रजीत 'मुक्त प्रदेश' छापून टपाल चालवलं. मग १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर सही करायला या चिमुकल्या मुलखाचा कुणीतरी प्रमुख हवा होता. भारत सरकारने पाठवलेले सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं, आणि त्यांनी नेहरूंच्या बरोबरीने सही केली. घटनेची दहावी दुरुस्ती ज्या दिवसापासून लागू झाली तो दिवस ११ ऑगस्ट १९६१. फिदाल्गो उधव्याला शरण आला त्याला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती. तारीख मुद्दाम जुळवली की आपसूक जुळली, कोण जाणे. पण उधव्याला जायला मला आणखी एक कारण मिळालं.

दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, खानवेलची ईको पकडली. सात जणांच्या गाडीत अकरा जण. दमणगंगा ओलांडली की कारखाने मागे पडतात आणि डोंगर जवळ येतात. आवण्या नुकत्याच उरकल्या होत्या, खाचरं हिरवी झाली होती. बांधावर ताडाची झाडं. सागाला पांढरट तुरे. वीसेक किलोमीटरचा हा रस्ता आज तासाभराचा आहे. ऑगस्टच्या पावसात, डांबर नसताना, ओले गणवेश आणि बंदुका सांभाळत दीडशे माणसं इथून गेली तेव्हा त्यांच्या मनात काय असेल? मागे दमणगंगा भरलेली. दमण नदीच्या मुखाशी, पण वाट भारताच्या हातात. चारी बाजूंनी तोच देश, ज्याने दार लावून घेतलंय. आणि भोवतीच्या रानात वारली. त्यांतले लाल बावट्याचे कार्यकर्तेही या लढ्यात उतरले होते.

खानवेलला साकरतोंड नदीवर आता पर्यटकांची हॉटेलं आहेत. तिथून उधव्याकडे जाणारी गाडी भरायला पाऊण तास लागला. सीमा कुठे आली हे विचारावं लागत नाही. दारूच्या दुकानांची रांग लागते, ती एकाएकी संपते, किलोमीटरच्या दगडावरची लिपी बदलते, आणि आपण महाराष्ट्रात असतो. शेजारी बसलेली बाई खानवेलच्या बाजारातून सुकट घेऊन चालली होती. तिची लेक पलीकडे दिलेली, सून पलीकडची. तिच्या दृष्टीने वाटेत काहीच ओलांडलं गेलं नव्हतं.

उधव्याला नाक्यावर उतरलो. चारी दिशांना फुटणारे रस्ते, टपऱ्या, शाळेतून सुटलेली पोरं, ताडपत्रीखाली कंटोळी आणि बांबूच्या कोंबांचे वाटे मांडून बसलेल्या बायका. दोन दिवसांपूर्वी आदिवासी दिन झाला होता. त्याचे फलक अजून होते. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत गेलो आणि परत आलो. कॅप्टन फिदाल्गो, १९५४, शरणागती यांतलं एकही अक्षर मला दिसलं नाही. शाळेच्या पोरांना विचारलं, आज काय आहे? एक जण म्हणाला, "आज कायच नाय. परवा होता."

चहाच्या टपरीवर एक म्हातारे बाबा बसले होते. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, हातात काठी. त्यांना विचारलं, "बाबा, इथे फिरंग्यांचा कॅप्टन शरण आला होता, ऐकलंय का कधी?"

"कॅप्टन?" त्यांनी विचार केला. "फिरंगी तिकडं होते. खानवेलला." काठी पावसाच्या दिशेने उचलली. "इकडं आमचा लाल बावटा."

"तुम्ही लाल बावट्याचे?"

"माझा बा झरीला होता," ते म्हणाले. जणू या उत्तरापुढे काही विचारायचं उरत नाही. आणि खरंच उरत नव्हतं.

झरी इथून लांब नाही, याच तालुक्यात. २३ मे १९४५ रोजी तिथे हजारो वारली जमले. महाराष्ट्र किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी ती सभा बोलावली होती. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले, वकिलीची पदवी मिळवलेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या बाई. या रानात त्या गोदूताई झाल्या. त्या दिवशी वारल्यांनी ठरवलं: वेठ करायची नाही. शेतावर काम करू ते रोख बारा आणे रोजाने. आज ऐकायला साधं वाटतं. पण तेव्हा लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले की नवरा-बायको दोघंही त्याची होत. लग्नगडी म्हणत त्यांना. पोरंबाळं झाली तरी कर्ज फिटत नसे.

"बा सांगायचा, सभेवरून आले आणि घरोघर गेले," बाबा म्हणाले. "लग्नगडी असंल त्याला म्हणायचे, चल, सुटलास." चहाचा घोट घेतला. "त्याला आधी खरंच नाय वाटायचं."

मग ऑक्टोबर आला, गवतकापणीचा हंगाम. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये मागून वारल्यांनी काम थांबवलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवली गेली आणि हजारो लोक तिथे धावले. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. त्यांतला जेठ्या गांगड लाल बावटा घेऊन उभा होता. त्याचं नाव इथे अजून घेतलं जातं, आणि १० ऑक्टोबरला हुतात्मा दिन पाळला जातो. गोदूताईंनी ही सगळी हकिगत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते वाचलंय. त्यातली गावं कुठे आहेत हे मात्र आपण नकाशावर दाखवू शकत नाही, मीही त्या सकाळपर्यंत दाखवू शकलो नसतो.

बाबांना मी फिदाल्गोची गोष्ट सांगितली. आजच्याच तारखेला, याच गावात, दीडशे बंदुका घेऊन फिरणारा अधिकारी भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी विचारलं, "मग? त्यानं काय झालं?"

"तिकडचं फिरंगी राज्य गेलं."

"हां," ते म्हणाले. "ते गेलं ते बरं झालं." आणि पिशवी सावरून उठले. त्यांना तलासरीला नातवाचा दाखला आणायला जायचं होतं.

मी तिथेच बसून राहिलो. येताना माझ्या मनात एक तक्रार तयार होती: इतकी मोठी घटना आणि गावाला पत्ता नाही. बाबांनी ती मोडून काढली. गावाला पत्ता आहे, फक्त दुसऱ्या लढाईचा. १९५४च्या लढाईत निशाण बदललं, तेही सीमेपलीकडचं. १९४५च्या लढाईत याच गावांतल्या माणसांच्या हातात रोजाचे पैसे आले आणि बायको-पोरं स्वतःची झाली. माणूस काय लक्षात ठेवणार? एक लढाई आमच्यासारख्यांनी लिहिली, तिच्या पुस्तकात उधव्याला एक ओळ मिळाली आणि तीही चुकीच्या अक्षरात. दुसरी इथल्यांनी बापाच्या तोंडून ऐकली, ती जशीच्या तशी राहिली.

तरीही ती एक ओळ सोडून द्यावी असं मला वाटत नाही. बाबूजी, वाकणकर, काजरेकर, मस्करेन्हस यांनी जे आरंभलं ते पूर्ण झालं या नाक्यावर. आणि ते इथेच का पूर्ण झालं, हे कळायला झरी कळावी लागते. ज्या रानात नऊ वर्षं आधी माणसं उभी राहायला शिकली, त्या रानात परक्या कॅप्टनला लपायला जागा उरली नव्हती. त्या दोन लढाया पुस्तकांत वेगवेगळ्या कपाटांत असतात, एक भगव्या, एक लाल. उधव्याच्या नाक्यावर त्या एकमेकींपासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर आहेत.

संध्याकाळी सहा आसनी रिक्षाने तलासरीला आलो. तिथे गोदूताई आणि शामरावांच्या नावाचं महाविद्यालय आहे. फाटकातून सुटलेल्या मुलींचा घोळका छत्र्या उघडत महामार्गाकडे चालला होता. लग्नगड्यांच्या बायकांच्या या पणत्या. या सगळ्या प्रवासात पाहिलेलं स्मारक म्हणायचं तर हेच.

उधव्याला मात्र एक दगड हवा. मोठा नको, किलोमीटरच्या दगडाएवढा चालेल. त्यावर दोन तारखा असाव्यात: २३ मे १९४५ आणि ११ ऑगस्ट १९५४. गावाचं नाव नीट लिहावं, 'ध' सकट. ग्रामपंचायतीला हे अवघड नाही, आणि जिल्ह्याला तर मुळीच नाही. तोवर वाचकांनी एवढं करावं. कधी डहाणूच्या महालक्ष्मीला किंवा सिल्वाशाला जाणं झालं तर वाकडी वाट करून उधव्याच्या नाक्यावर उतरावं, चहा सांगावा, आणि शेजारी बसलेल्याला विचारावं की इथे काय झालं होतं. त्याने झरीची गोष्ट सांगितली तर आधी ती पूर्ण ऐकून घ्यावी. कॅप्टनची गोष्ट मग सांगावी.